वहीत नसलेला शब्द

कोडेवालीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. रोजच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रचायचं हे तिचं काम, म्हणून कचेरीत सगळे तिला कोडेवालीच म्हणत. आणि आजच्या कोड्यात तिनं शेण खाल्लं होतं.

मोठे शब्द कुणीही बसवतो. खरी कसोटी लागते ती शेवटी उरणाऱ्या दोन घरांशी. तिथे जो तो ‘अज’ नाहीतर ‘खग’ कोंबून मोकळा होतो. वाचकांनी जन्मात बोकड पाहिले नसतील एवढे अज पाहिलेत. कोडेवालीला ती गरज पडत नसे. तिच्याकडे एक लांबट वही होती आणि वहीमागे बाबा होते, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेले. रोज संध्याकाळी ते चहा पिता पिता अडगळीतला एखादा छोटा शब्द सांगत, ती टिपून घेई. वहीत नसलेला छोटा शब्द कोड्यात जायचा नाही, असा दोघांचा नेम होता.

सकाळी तेच कोडं बाबा सोडवत. पेनानं, पेन्सिलीनं नव्हे. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी स्वतःचं नावसुद्धा आठवेना, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. कोडं पुरं झालं की म्हणत, "वरचा मजला अजून शाबूत आहे गं."

काल पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरली आणि ‘निगूढ’च्या ‘ढ’खाली ‘वीट’ची ‘वी’ येऊन बसली. वही झाली, कोश झाले. शेवटी तिनं ठोकून दिलं: ढवी, म्हणजे गवताची लहान पेंढी. असा शब्द कुठेच नव्हता. कुणाला कळतंय, म्हणत तिनं पान सोडलं.

आज सकाळी आडवे शब्द भरता भरता बाबांसमोर ती ढवी उभी राहिली. त्यांनी त्या दोन घरांवर बोट ठेवलं. "ही मी तुला कधी सांगितली?" त्यांनी विचारलं. "उशीर होतोय" म्हणत लेक सटकली. घाबरट कुठली!

कचेरीत तिनं तीनदा चौकट आखली आणि तीनदा फाडली. घरी फोन लावला, कुणी उचलेना. मग मात्र तिला धीर धरवेना. भर दुपारी ती तडक घरी आली.

बाबा टेबलाशी बसून लिहीत होते. ढवी, गवताची लहान पेंढी. ढवी, गवताची लहान पेंढी. अख्खा कागद भरला होता.

"पाठ करतोय," ते म्हणाले. "दादाचंही असंच एका शब्दापासून सुरू झालं होतं."

"बाबा, तो शब्दच नाही. मी मनानं बनवला."

"माझी समजूत घालू नकोस. खोटा शब्द तू घालणार नाहीस, एवढं अजून आठवतंय मला."

आता काय करायचं? विश्वासच आडवा आला होता. तिनं त्यांच्यासमोरच संपादकांना फोन लावला आणि त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. "साहेब, आजच्या कोड्यातला ‘ढवी’ मी मनानं रचलाय. उद्या माझ्या नावानं माफी छापा."

"डोकं फिरलंय का? हे छापलं तर कोडं दुसऱ्याकडे द्यावं लागेल मला."

"द्या. पण छापा."

तिनं फोन ठेवला. बाबांनी हातातला कागद हळूच चुरगळला. मग खुर्ची मागे सारून उठले.

"नालायक कार्टे! चाळीस वर्षांत एक काना खोटा जाऊ दिला नाही मी, आणि तू अख्खा शब्द? लाज नाही वाटत?"

छापखान्यात चढायचा तसा आवाज चढला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोडेवाली मान खाली घालून ऐकत राहिली. हे बोलणं इतक्यात संपू नये, असं तिला वाटत होतं.