ढब्बूला काय काय चालत नाही

पाळणाघराच्या खिडकीशी तिची पावलं थांबली ती थांबलीच. आत सहा बुटक्या खुर्च्या, सहा पोरं, आणि तिसऱ्या खुर्चीवर तिची स्वतःची लेक ढब्बू उकडलेलं अंडं खात होती. हुंगत नव्हती, चिवडत नव्हती, चक्क खात होती! गालाला पिवळा बलक लागला होता आणि दुसरा हात शेजारच्या वाटीतल्या दह्यात मनगटापर्यंत बुडला होता.

अंडं! दही! तिने खिडकीचा गज घट्ट धरला. अंडं ढब्बूला चालत नाही. दही चालत नाही. वर्षभर तिने या दोन्ही गोष्टींना घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि तेही सोडा, जी पोर घरी भाताची चार शितं खायला पाऊण तास लावते, जिच्यामागे चमचा घेऊन आईबाप पलंगाखाली शिरतात, ती हीच? दुसऱ्या कुणाची तर नाही ना? पण डोक्यावरच्या त्या दोन शेंड्या तिनेच सकाळी बांधल्या होत्या.

आता बाईबद्दल सांगायचं तर ती कापडगिरणीच्या कँटीनमधली मुख्य स्वयंपाकीण. तिन्ही पाळ्यांची माणसं तिच्या हातचं खाऊन बोटं चाटतात. ताटात टाकलेलं तिला खपत नाही. भल्या मोठ्या साहेबाला तिने भर पंगतीत "हे गाजर कोण संपवणार, मी?" असं विचारून गाजर खायला लावलेलं आहे. आणि अशा बाईच्या पोटी ही पोर! जन्मली तेव्हा हातापायांना वळ्या पडत होत्या, म्हणून बापाने लाडाने ढब्बू म्हटलं. नाव चिकटलं, वळ्या मात्र कुठल्या कुठे गेल्या.

वर्षाची व्हायच्या आतच गालांवर लाल चट्टे उठले. मग कोपरांच्या घडीत, मग गुडघ्यांमागे. इसब. पोर खाजवून खाजवून रडायची, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी दोन ट्यूब दिल्या. एक सगळ्या अंगाला भरपूर चोपडायची, एक फक्त चट्ट्यांवर लावायची. पण औषधाबरोबरचा बारीक अक्षरांतला कागद तिने वाचला आणि तिची बोबडीच वळली. एवढ्याशा जिवाला हे लावायचं? ती मुगाच्या दाण्याएवढं घ्यायची, तेही एक दिवसाआड, आणि सगळा राग खाण्यावर काढायची.

शेजारीण म्हणाली, अंड्यानेच होतं हे. अंडं बंद. नणंद म्हणाली, दूध सोडून बघ. दूध, दही, लोणी बंद. मोबाइलवर कुणी अनोळखी बाई गव्हाच्या नावाने गळा काढून रडली. गहू बंद. टोमॅटो तर तिने आपल्याच मनाने बंद केला, का, तर तो लाल असतो म्हणून! हसू नका. पोटच्या पोराच्या अंगावर चट्टे बघितले की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. शेवटी ताटात उरला भात, उकडलेला बटाटा आणि सफरचंदाची फोड. आणि दर दोन घासांनी आई बाह्या वर सारून कोपरं तपासणार. "दाखव बघू!" जरा लाल दिसलं की आईच्या डोळ्यांना धार.

गेल्या सात आठवड्यांत मात्र चट्टे विझत चालले होते. कोपरं मऊ पडली होती, पोर सलग झोपत होती. तिने कँटीनभर सांगितलं होतं, "पथ्य पाळलं ना, की होतंच." आज दुपारी तिथला बॉयलर बंद पडला, सगळ्यांना लवकर सोडलं, आणि लेकीला लवकर न्यावं म्हणून ती हौसेने इकडे आली होती. झालं! हौस फिटली.

"मावशी!"

ती अशी ओरडली की एका पोराच्या हातातला चमचा खाली पडला. पाळणाघरवाल्या मावशी वळून बघतात तोवर ढब्बूने आईला पाहिलं. आणि मग पोरीने जे केलं ते बघून बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. ढब्बूने तोंडातला घास हळूच तळहातावर काढला. तो खुर्चीखाली टाकला. पालथ्या हाताने तोंड पुसलं. मग स्वतःहून दोन्ही बाह्या वर सारल्या आणि हात पुढे केले.

"नाही खाल्लं," ती म्हणाली.

अडीच वर्षांची पोर, अजून धड 'ट्रक' म्हणता येत नाही तिला, आणि खोटं बोलली. तेही इतक्या सफाईने! हे कुणी शिकवलं हिला?

"बस आधी," मावशी म्हणाल्या.

"बसत नाही! कुणाला विचारून अंडं दिलंत तुम्ही? काही झालं असतं तर? घसा सुजला असता तर? माझी पोर आहे ती!"

"तिच्या बापाला विचारून दिलं," मावशी म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला कागद काढून आणला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र होतं ते. काय द्यायचं, कोणत्या आठवड्यात द्यायचं, कोणतं मलम किती वेळा लावायचं, सगळं लिहिलेलं. खाली नवऱ्याची सही. ती वाकडी सही तिला डोळे मिटूनही ओळखू आली असती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. फोन गेल्यावर दहा मिनिटांत हजर झाला, हात ग्रीसने काळे, चेहरा त्याहून काळा. एरवी त्याला 'तू' म्हणणारी ही बाई रागावली की 'तुम्ही'वर यायची, आणि तिचं 'तुम्ही' ऐकलं की त्याचं धाबं दणाणायचं.

"तुम्ही किती दिवस हे चाळे करताय?"

"सात आठवडे," तो म्हणाला. "अगं, ऐकून तर घे."

"सात आठवडे! आणि मी काय मूर्ख?"

"तुझी रविवारची पाळी होती तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं तिला. त्यांनी आधी वजन केलं. सात महिन्यांत काटा जागचा हलला नव्हता गं. उंचीसुद्धा अडलीय. त्यांनी तपासण्या केल्या. पहिलं अंडं त्यांच्याच दवाखान्यात खायला दिलं, दोन तास समोर बसवून ठेवलं. काहीही झालं नाही. मग दही, मग पाव, एकेक करून, त्यांना विचारून. तिला कशाचंच वावडं नाही."

"आणि कातडी? कातडी कशाने सुधारली मग?"

उत्तर मावशींनी दिलं. "मलमाने. कोमट पाण्याने अंग धुतलं की ओलसर अंगावरच चोपडते मी. दिवसातून तीनदा, हात राखून नाही. आणि चट्ट्यांवरचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, सांगितले तेवढे दिवस."

"म्हणजे पथ्याने नाही?"

नवरा आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिला.

"म्हणजे वर्षभर मी तिला उपाशी ठेवली?"

यावर त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. खोटं का होईना, म्हणायला हवं होतं. तो गप्पच राहिला, आणि तिला जे कळायचं ते कळलं. ती मटकन त्या बुटक्या खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला लागले. जगाला जेवू घालणारी बाई, आणि घरात हे! तिला स्वतःची अशी काही लाज वाटली की तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"मला का नाही सांगितलंस?" 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"तीनदा विषय काढला, तू ऐकूनच घेतलं नाहीस. डॉक्टरीणबाईंचा पहिला कागद तर न वाचताच फाडलास. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात, घरी सांगितलं का, आईलाही घेऊन या. मी नुसती मान डोलावतो. चुकलं माझं. पण तू नुसतं अंडं बघितलंस तरी रडतेस गं. मला धीरच झाला नाही."

"तुझं नंतर बघते," ती म्हणाली. पण तिच्या धमकीत काही दम नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने घरी अंडं उकडलं. सोललं, चार फोडी केल्या, ढब्बूसमोर ठेवल्या आणि हसली. फार गोड हसली, दात दुखत असल्यासारखी. ढब्बूने बशी बघितली, आईचं तोंड बघितलं आणि बशी लांब सारली.

"खा गं सोन्या. चालतं आता. आई देतेय ना?"

"नको."

"एकच घास. बाबाचा घास?"

"आई ललते," ढब्बू म्हणाली आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

आई रडते. म्हणून पोर खात नव्हती. वर्षभर ती पोरीला नखरेल म्हणत होती, हट्टी म्हणत होती, आल्यागेल्याला सांगत होती की बाई, हिचे जेवणाचे थेर बघा! आणि पोरीने मात्र एवढंच ध्यानात ठेवलं होतं, की आपण खाल्लं की आई रडते. बाई न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि हुंदके देऊन रडली. नळ सोडला तो पोरीने ऐकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. शिव्या खायची तयारी करूनच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी शिव्या दिल्या नाहीत, औषध कसं लावायचं ते तिच्याच हातावर लावून दाखवलं. बोटाच्या पेराएवढं काढायचं, म्हणजे तिने आजवर लावलं त्याच्या कैक पट! मग म्हणाल्या, "जेवताना तिच्याकडे बघू नका. सगळ्यांचं तेच तिला वाढा आणि आपलं आपण जेवा. आग्रह नको, लालूच नको, चमचा घेऊन मागे धावणं नको. नाही खाल्लं तर अर्ध्या तासाने मुकाट ताट उचला."

मुकाट! या बाईला मुकाट बसायला सांगणं म्हणजे लिफ्टला जिना चढायला सांगणं. तरी तिने आठ दिवस जीव मुठीत धरून केलं. भिंतीकडे बघत जेवली. ढब्बूने पावाला हातसुद्धा लावला नाही. भाताची शितं खाल्ली आणि दर दोन घासांनी आईचा चेहरा निरखून बघितला. पाळणाघरात मात्र मावशींच्या हातचं सगळं फस्त. नवव्या दिवशी तिचा धीर सुटला. "मावशी, ती माझ्यासमोर जेवणारच नाही का हो कधी? मी काय जन्मभर खिडकीतनंच बघायचं?"

मावशींनी जरा विचार केला. "उद्या दुपारी ये. तुझ्या हातचं काहीतरी आण. आणि इथे आमच्यात बस, पण पाठ करून."

ती आली. घरून डबीत अर्धं अंडं आणलं होतं. अर्धंच. म्हटलं, कशाला उगाच वाया घालवायचं? पोरांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ती बुटक्या खुर्चीत बसली. भिंतीवर कुणीतरी निळ्या खडूने हत्ती काढला होता. त्याला पाच पाय होते. ते पाय ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली, कारण मान वळवायची नव्हती.

"हे आज तुझ्या आईने केलंय," मागून मावशी म्हणाल्या.

खुर्ची करकरली. शेंड्यांची दोन टोकं तिच्या खांद्याला लागली. ढब्बू वाकून आईचा चेहरा बघायला आली होती. बाईने हत्तीवरची नजर काढली नाही. श्वास रोखून धरला, डोळे कोरडे ठेवले, काय वाटेल ते झालं तरी कोरडे ठेवले. छोटी पावलं परत गेली.

मग आवाज आला. मचमच, मचमच. तोंड उघडं ठेवून, बेशिस्त, ऐकू जाईल असं खाणं. कँटीनमध्ये असं कुणी खाल्लं असतं तर तिने झापलं असतं.

"अजून," ढब्बू म्हणाली.

हा शब्द तिने लेकीच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. खेळताना, गाण्याला, झोपाळ्यावरसुद्धा ऐकला असेल. जेवताना नाही. कधीच नाही.

"संपलं गं राणी," मावशी म्हणाल्या. "गाजर देऊ?"

"नको! आईचं! अजून!" आणि पोरीने भोकाड पसरलं. खाण्यासाठी! ढब्बू खाण्यासाठी रडत होती!

"आणते," बाई भिंतीलाच म्हणाली. ती उठली आणि मान न वळवता, भिंतीला खेटून, खेकड्यासारखी तिरकी चालत दाराबाहेर पडली. रस्त्यावर आली तशी धावत सुटली. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या मधून घुसली.

"अंडी द्या."

"किती?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्या मुलीने मागितलीत हो," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे वाहायला लागले. "स्वतः मागितलीत."

"बरं, बरं," दुकानदार गोंधळून म्हणाला, "पण किती देऊ?"

तिला आकडाच सुचेना.