सईदाला आठवत होतं

"बाई, तिकडे नका पाहू. माह्याकडे पाहा अन् बोला," केशवराव मास्तर म्हणाले.

सईदाने कॅमेऱ्यावरची नजर काढली आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली. सेहेचाळीस सालच्या थंडीतली सकाळ होती. अकोल्याच्या जुन्या शहरात, तिच्या बांगड्यांच्या दुकानामागच्या अंगणात, कलकत्त्याचा एक आर्मेनियन गृहस्थ चित्रपट काढत होता. तीस वर्षांपूर्वी तुर्कस्तानात त्याच्या लोकांची कत्तल झाली होती. उरलेल्यांना बायकापोरांसकट वाळवंटाकडे हाकललं होतं. त्यातून वाचलेली माणसं तो गावोगाव शोधत होता. सईदा त्यांतलीच. तिचं बोलणं इंग्रजीत लिहून द्यायला त्याने अमरावतीहून मास्तरांना आणलं होतं.

शेजारच्या बाजेवर जैनुद्दीन बसले होते. पहिल्या महायुद्धात ते इंग्रजांच्या पलटणीची खेचरं हाकायचे. तुर्कांच्या कैदेत पडले, तिथे रेल्वेच्या कामावर राबले, आणि सुटून अकोल्याला आले ते एका परक्या पोरीला बोटाशी धरूनच. तिला त्यांनी सईदा नाव दिलं, लेकीसारखी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. मागचं मात्र कधी काढलं नाही. पाहुण्यालाही त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "लहान होती. तिले काही आठवत नाही."

"आठवते," सईदा म्हणाली होती. "मी सांगतो."

आणि आता ती सांगत होती. "आई रस्त्यातच गेली. मंग आमी दोघी बहिणी राहिलो. रुळाजवळ एका पडक्या भिंतीपाशी बसलो होतो. अब्बा आले. मले पाणी पाजलं, खांद्यावर घेतलं..."

"बस कर, बेटी." जैनुद्दीन उठून उभे राहिले. "मास्तर, बाकीचं मी सांगतो. दोघी होत्या. मी एकीलेच उचललं. तापानं फणफणलो होतो, दोघी झेपत नव्हत्या. धाकली तशीच भिंतीले टेकून बसली होती. मागून येऊन नेतो म्हटलं, पन पहारेकऱ्यानं जाऊच देल्लं नाही. हिले आठवू नये म्हणून आजपावतो तोंड उघडलं नाही मी."

मागचं काढलं तर अब्बांना आपण परक्या वाटू, म्हणून सईदाही इतकी वर्षं गप्प होती. ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"अब्बा, ती बसली नव्हती. मीच बसवलं होतं तिले. आदल्या रातीच गेली होती ती. कोनी उचलून फेकून देईन म्हणून मी तिचा हात धरून होतो."

तिने जैनुद्दीनांचा हात हातात घेतला.

"जित्ती असती, तं तिले टाकून मी आलो असतो का?"

कॅमेऱ्यातली फीत केव्हाच संपली होती. पाहुण्याने नवी लावली नाही. मास्तरांनीही लेखणी खाली ठेवली होती.

म्हाताऱ्याने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"अनुश."

"अनुश," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. मग ते पुन्हा बाजेवर टेकले आणि दोन्ही हात पुढे उघडले. तीस वर्षं त्यांनी रोज, नाव माहीत नसलेल्या त्या पोरीसाठी, ती कुठेतरी जिवंत असावी अशी दुआ मागितली होती. आज त्यांनी तिचं नाव घेतलं आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती फातिहा म्हटली.