उंबऱ्याबाहेरचं अंडं

चीनमधल्या लियांगशानच्या डोंगरात वुझीआजीच्या घरी तीन कोंबड्या होत्या आणि तिन्ही एका भुताच्या पोटासाठी राबत होत्या.

नातू लाती दोन वर्षांचा. आईबाप लांब दक्षिणेला कारखान्यात. बटाटा आणि कुट्टूच्या भाकरीवर वाढलेलं पोर उभं राहीना, बोलेना. दवाखान्यातल्या बाईने रोज एक अंडं चारायला बजावलं होतं. पण मंत्र जाणणाऱ्या जिके बिमोने अंडं पोराच्या अंगावरून फिरवलं, वाडग्यातल्या पाण्यात फोडलं आणि बलक न्याहाळून सांगितलं, याच्यामागे उपाशी भूत लागलंय. रोज असंच अंडं उतरवून उंबऱ्याबाहेर ओतायचं. पोट भरलं की जाईल.

"पोट भरल्यावर कोण जातं, जिकेदादा?" वुझी म्हणाली. "तुम्हीच तीन दिवस मुक्काम ठोकता."

बोलली खरी, पण अंडं ओतत राहिली. कोण येतं ते कळावं म्हणून तिने बाहेर चुलीतली राख पसरली. पहिल्या आठवड्यात उंदराएवढे ठसे उमटले, मग मांजराएवढे, महिन्याभराने चक्क लहान मुलाचे. टाचा खोल रुतायला लागल्या, बोटं गुबगुबीत झाली. तिने लातीला उचलून एका ठशात उभं केलं. त्याचं पाऊल त्यात हरवून गेलं. पण अंगठ्याशेजारचं बोट दोन्हीकडे सारखंच वाकडं.

एका दुपारी धुकं दारापर्यंत आलं होतं. ती अंडं फोडणार, तोच बाहेरून कुणीतरी लाडात बोललं.

"आमा, आज उशीर केलास."

आमा म्हणजे आजी. लातीने ती हाक कधीच मारली नव्हती. उंबऱ्यावर दोन गुबरे हात टेकले होते, मनगटांना वळ्या पडलेल्या. लाती तिच्या मांडीवरच होता, पण इतका हलका, की आहे ना म्हणून तिने खाली पाहिलं.

महिनाभर तिने नातवालाच जेवू घातलं होतं, फक्त दाराच्या चुकीच्या बाजूला.

"तुझं झालं आता," ती म्हणाली. "हे आतल्याचं."

अंडं तिने निखाऱ्यांत भाजलं आणि बटाट्यात कुस्करून लातीला भरवलं. बाहेर रडणं सुरू झालं. त्यानंतर रोज अंडं, रोज रडणं. दार धडधडे, तेव्हा ती दाराला पाठ लावून बसे आणि भरवत राही. ठसे पुन्हा मांजराएवढे झाले, मग उंदराएवढे. जिके बिमो येऊन राख बघून गेला, आपला मंत्र लागू पडला म्हणाला. वुझीने त्याला पोटभर बटाटे वाढले. अंडं नाही.

एके दिवशी बटाटे खणून ती उशिरा परतली. पाठीवर बांधलेला लाती आता चांगलाच जड लागत होता. दारातली राख कोरी होती. ती उंबऱ्याशी थबकली, तोच कानाजवळ गरम श्वास आला.

"आमा, आज उशीर केलास."

आवाज तोच. वुझीने मागे वळून पाहिलं नाही. पाठीवरच्या ओझ्यासकट उंबरा ओलांडला, दार लावलं आणि अंडं भाजायला घेतलं.