एका ठोकळ्याची परीक्षा

आमच्या ऑफिसात माझ्या प्रोग्रामला 'म्हातारी' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला कान आहेत. एकोणीस वर्षं मी तिला लिहिते आहे. एखाद्या वस्तूचे हिशेबापुरते बारीक ठोकळे पाडायचे, प्रत्येकावर किती ताण येईल ते काढायचं, मग सगळे जोडून वस्तू वाकेल की तुटेल ते सांगायचं, एवढंच तिचं काम. रंगीत चित्रं तिला जमत नाहीत. आकड्यांच्या रांगा ओकते आणि गप्प बसते.

मग साहेबांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते चालवायला एक सल्लागार आणला. पडद्यावर लाल-पिवळे-निळे पट्टे बघून साहेब इतके हरखले, की महिनाअखेरीला म्हातारी बंद, असं भर बैठकीत सांगून मोकळे झाले. मी राग गिळला. पचला नाही.

काम औषधाच्या पंपाचं होतं. पेशंटच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा तळहाताएवढा पंप. त्यात धातूच्या पट्टीवर खास सिरॅमिकचे चार तुकडे गोंदाने चिकटवायचे होते. या सिरॅमिकला वीज दिली की वह्यांची चळत वरून ढकलावी तसं ते तिरकं होतं, आणि त्या हालचालीवर पंप चालतो. सल्लागाराचं उत्तर आलं की तुकडे फारच कमी हलतात, व्होल्टेज तिप्पट करा. म्हातारी म्हणाली, आहे तेवढं पुरे. तिप्पट केलंत तर गोंद कडेने सुटेल आणि पंप काही आठवड्यांत बंद पडेल.

साहेबांनी तिप्पट व्होल्टेजचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. नियमाने सही माझी लागते. दोन प्रोग्रामांचं पटत नाही म्हणजे चूक जुन्याचीच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मी एक दिवस मागून घेतला.

घरी येऊन नणंदेला फोन लावला. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. पंप अचानक थांबला तर काय होतं, असं विचारलं.

"वाजतो, आणि आम्ही पळतो," ती म्हणाली. "पण वहिनी, दोन पंप एकदम वाजले तर मला पाय दोनच आहेत."

नवऱ्याचं म्हणणं, करून टाक सही, साहेब जाणे आणि तो सल्लागार जाणे. मी म्हटलं, सही माझी आहे. तुझ्या बहिणीला पळवणारी मीच ठरेन. त्यावर त्याने भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी एकच मागणी केली. पंप राहू द्या बाजूला, नव्या सॉफ्टवेअरमध्ये सिरॅमिकचा एकच ठोकळा सोडवून दाखवा. त्याचं उत्तर कागदावर चार ओळींत निघतं. कुठल्याही मोठ्या कामाआधी मी हा ठोकळा सोडवते, लोक हसले तरी.

सल्लागारही हसला. "मॅडम, हे सॉफ्टवेअर अख्खं जग वापरतं."

"जगाला वापरू दे. तुम्ही ठोकळा सोडवा."

त्याने सोडवला. कागदाप्रमाणे ठोकळा उजवीकडे कलायला हवा होता. पडद्यावर तो मागच्या बाजूला कलला.

चूक कुठे असणार ते मला ठाऊक होतं. सिरॅमिक बनवणारे त्याच्या गुणधर्मांचा सहा ओळींचा तक्ता देतात. त्यातल्या शेवटच्या तीन ओळी ते एका क्रमाने लिहितात, आणि हे सॉफ्टवेअर त्या दुसऱ्याच क्रमाने वाचतं. तक्ता जसाच्या तसा उतरवला की आकडे भलत्या घरात जाऊन बसतात. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. त्याला काय, वाढाल ते खातं. मला ठाऊक होतं, कारण पहिल्या वर्षी मीही हीच माती खाल्ली होती आणि तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं होतं.

सल्लागाराचे कान लाल झाले, पण माणूस सरळ. त्याने ओळी हलवल्या, पंप पुन्हा सोडवला, आणि उत्तर म्हातारीशी तंतोतंत जुळलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. छान झालं, म्हणाले, अहवालातला आकडा बदला, विषय संपला.

विषय कसा संपला? मी पेन उघडलं आणि अहवालाखाली लिहिलं: 'पहिलं उत्तर चुकीचं होतं. तक्त्यातल्या ओळींचा क्रम चुकला होता. एका ठोकळ्याच्या परीक्षेत ते सापडलं. ही परीक्षा झाल्याशिवाय यापुढे कोणतंही उत्तर ग्राह्य धरू नये.' त्याखाली सही ठोकली.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. पंप बनवणारा ग्राहक हे वाचेल, म्हणाले. मी म्हटलं, वाचावंच त्याने. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"तेवढं खोडा. तुमचा प्रोग्राम राहू देतो. माझा शब्द."

एकोणीस वर्षं. तिची ओळ न् ओळ मला पाठ आहे. साहेबांनी पेन माझ्याकडे सरकवलं होतं. मी ते टोपण लावून पर्समध्ये टाकलं.

"म्हातारी बंद करा, साहेब," मी म्हणाले. "सही हवी असेल तर त्या मजकुरासकट घ्या."

महिनाअखेरीला म्हातारी मीच बंद केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रडले, आणि सगळ्यांसमोर रडले. अहवाल त्याआधीच ग्राहकाकडे गेला होता, एकही अक्षर न खोडता.