तुळईची दुपारची सुट्टी

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटा असं म्हणणार होतो, पण मग पुढचं वाचणार कोण? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच पाहा.

खोलीला एक खिडकी आहे, पण ती कधी उघडत नाहीत. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर घूं घूं करत असतं. हवेतला ओलावा कमी होऊ द्यायचा नाही आणि वाढूही द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. भिंतीलगत लाकडाच्या काही तुळया आडव्या ठेवल्यात. तुळई म्हणजे छप्पर पेलणारं आडवं लाकूड. या तशा लहानच आहेत, तुमच्या पलंगाएवढ्या लांब. प्रत्येकीची दोन्ही टोकं लोखंडी टेकूंवर आहेत आणि मधला भाग अधांतरी. त्या मधल्या भागाला आकडा अडकवलाय आणि आकड्यावर लोखंडी वजनं रचलीत, ताटलीसारखी चपटी, मधे खाच असलेली. वर एक गोल तबकडी आहे. तुळई केसभर जरी वाकली तरी तबकडीतला काटा सरकतो.

आता तुम्ही विचाराल, इथे चाललंय काय? काहीच नाही. तुळया वजन पेलतात आणि माणसं वाट पाहतात.

हे समजायला घरी एक गंमत करा. दोन जाड पुस्तकांवर एक लाकडी पट्टी आडवी टाका आणि तिच्या मधोमध काहीतरी जड ठेवा. पट्टी लगेच जराशी वाकेल. मग तिला विसरून जा. बऱ्याच दिवसांनी पाहिलंत, तर ती आणखी वाकलेली असेल. वजन तेच आणि पट्टीही तीच, मग वाकवलं कोणी? मुलं विचार करून दमतात, पण हे उत्तर देत नाहीत. काळाने वाकवलं.

आपल्या गोष्टीतल्या मुलीने हाच प्रश्न आईला विचारला होता. ही मुलगी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या पायांत यायची, म्हणून सगळे तिला ढलपी म्हणत. सुताराने रंधा मारला, वाकस चालवला की खाली पडते ना, ती ढलपी. तिची आई तिथे लाकडाची शास्त्रज्ञ होती. घरी दुसरं कोणी नसल्यामुळे शाळा सुटली की ढलपी तिथेच यायची आणि आईचं काम संपेपर्यंत थांबायची. आईचं काम मात्र संपायचं नाही. संध्याकाळ व्हायची एवढंच.

"आई, तुळई आपोआप कशी वाकते गं?"

"लाकूड थकतं बाळा," आई म्हणाली. कागदावरून मानही वर न करता म्हणाली. "ओझं तेवढंच असलं तरी रोज रोज पेलून थकतं."

"मग त्याला कोणी बसायला का नाही सांगत?"

आई हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि चहा समोर गार होऊन त्यावर साय धरली होती. "तेच तर पाहतोय आम्ही," ती म्हणाली. "न बसता किती दिवस पेलतं ते. जा, अभ्यास कर."

ढलपी अभ्यासाला त्या तुळयांच्या खोलीतच बसायची. तिथे शांत होतं, आणि सकाळची मोजणी झाल्यावर तिथे कोणी फिरकत नसे. मोजणी करायचे ते मोजणीकाका. ते सगळंच मोजायचे, अगदी चहातली साखरसुद्धा. काटा सकाळी, खोलीत दुसरं कोणी शिरण्याआधी वाचायचा, हा त्यांचा दंडक. चार माणसांच्या श्वासानेही खोलीतली हवा बदलते आणि लाकूड ती पितं, असं ते सांगत. एकदा काटा वाचला की दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तबकडीकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस उगाच अर्थ काढत बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण या कथेत जी चूक झाली, ती इतक्या शिस्तीच्या माणसांच्याच हातून होऊ शकते. दुपारी त्या खोलीत काय होतं, हे अशा शिस्तीत कोणालाच कधी कळलं नसतं.

या तुळयांपैकी एक होती खिडकीजवळची. तिच्यात डोळ्यासारखी एक गाठ होती. ती कोवळ्या लाकडाची होती, बाकीच्या जुन्या थोराड झाडांच्या.

इथे जरा थांबून हे समजून घेऊ. पूर्वी तुळई म्हणजे एक अख्खं, जुनं, जाडजूड झाड. तशी झाडं आता फार उरली नाहीत, आणि उरलीत ती तोडू नयेत. म्हणून लवकर वाढणारी, काटकुळी झाडं लावायची, त्यांच्या पातळ फळ्या काढायच्या, नीट वाळवायच्या आणि एकावर एक दाबून चिकटवायच्या. मग काटकुळ्या झाडांचीही हवी तेवढी मोठी तुळई होते. उद्याची घरं अशीच बांधता येतील, असं ढलपीच्या आईला वाटत होतं. कित्येक वर्षं ती हेच करत होती. पण कोवळं लाकूड किती थकतं, हे काही पक्कं ठाऊक नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवी शाळा होणार होती, तिच्या सभागृहाचं छप्पर या लाकडाचं करायचं की नाही, हे त्या खिडकीजवळच्या तुळईवर ठरणार होतं.

सुरुवातीला तीच सगळ्यांत जास्त वाकत होती. मोजणीकाका सकाळी आकडा सांगायचे आणि आई नुसतं "बरं" म्हणायची. ते "बरं" दिवसेंदिवस बारीक होत गेलं.

पुढे मात्र ती सावरली. तिचं वाकणं मंदावलं, जवळजवळ थांबलंच. वाकण्यात इतर तुळया तिच्यापुढे गेल्या. एके सकाळी प्रयोगशाळेचे साहेब स्वतः येऊन तबकडी पाहून गेले.

"बाई, तुमच्या काटकुळ्यांनी तर थोराड झाडांचं नाक कापलं की!"

"माझा अजून विश्वास बसत नाही," आई म्हणाली.

"तुमचा कशावरच बसत नाही. मोजणीकाकांना विचारा. काय हो काका?"

"काटा खोटं बोलत नाही साहेब," मोजणीकाका म्हणाले. "बोलला असता तर इतकी वर्षं त्याच्याशी माझं जमलंच नसतं."

"झालं तर मग! उद्या शाळेची माणसं येतायत. त्यांना सांगून टाकू, घाला छप्पर."

त्या संध्याकाळी आईने फार दिवसांनी चहा गरम असताना प्यायला. खुर्चीत मागे टेकून तिने चपला काढल्या. "ढलपे," ती म्हणाली, "उद्यानंतर आपण दोघींनी दोन दिवस नुसतं झोपायचं हं."

ढलपी नखाने टेबलाचा कोपरा कुरतडत होती.

"का गं? दातखीळ बसली का?"

"आई, त्या शाळेत मुलं असतील ना? छपराखाली?"

"शाळेत मुलं नसतील तर काय हत्ती असतील?"

"आणि छपराला दुपारची सुट्टी कोण देणार?"

आईला वाटलं, पोरगी पेंगुळली आहे. "छपराला कसली सुट्टी? चल, दप्तर भर."

ढलपीने दप्तर भरलं नाही. तिने आईचा हात धरला आणि तिला ओढतच तुळयांच्या खोलीत नेलं. यंत्र घूं घूं करत होतं. ढलपी खिडकीजवळच्या तुळईखाली गुडघ्यांवर बसली. तिने आकड्यावरचं वरचं वजन दोन्ही हातांनी उचललं, आवाज न होऊ देता जमिनीवर ठेवलं, मग त्याच्या खालचं. सवयीच्या हातांनी. ती हे इतक्या सराईतपणे करत होती की आईला ओरडायचंही सुचलं नाही.

तबकडीतला काटा हळूच मागे सरकला.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"तू म्हणालीस ना, थकतं. ही सगळ्यांत लहान आहे. मी शाळेतून आले की काढते, आणि तू हाक मारलीस की परत घालते. नीट घालते गं, खाच बरोबर येईल अशी."

"रोज?"

"रोज."

आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. ती रागावली असती तर ढलपीला बरं वाटलं असतं. पण आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

दारात मोजणीकाका येऊन उभे होते. ते जमिनीवरच्या वजनांकडे बघत होते. "मी रोज सकाळीच बघत होतो," ते शेवटी म्हणाले. "रोज. अगदी वेळेवर."

"तुमचं काही चुकलं नाही काका."

"ते खरं, पण त्याने आता काय होतंय?" ते म्हणाले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

ढलपीने हळूच विचारलं, "आई, तिला बरं वाटलं होतं का पण? विश्रांतीने?"

आईने वर पाहिलं. अशा वेळी दुसरी कोणी म्हणाली असती, गप्प बस. पण प्रश्न लाकडाचा होता, आणि लाकडाच्या प्रश्नाला आई कधी गप्प बस म्हणत नसे.

"वाटलं असणार," ती म्हणाली. "वजन काढलं की लाकूड थोडं वर येतं. लगेच थोडं येतं आणि मग हळूहळू आणखी थोडं. पण पुरतं सरळ होत नाही. काही वाक राहूनच जातो."

"किती?"

"ते या तुळईवरून आता नाही सांगता येणार. हिने किती वेळ ओझं पेललं आणि किती वेळ सुट्टी घेतली, हे कोणी मोजलंय? हिला उतरवायची. नवी चढवायची. परत पहिल्यापासून."

"आणि शाळेचं छप्पर?"

"ते थांबेल. किंवा ते लोक दुसऱ्या कशाचं तरी करतील." आईने डोळे मिटले. "पण तू आज सांगितलंस. छप्पर चढल्यावर सांगितलं असतंस, तर मला कधीच झोप लागली नसती."

यंत्र घूं घूं करतच राहिलं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"साहेबांना सांगायला हवं," मोजणीकाका म्हणाले. "त्यांच्या खोलीत अजून दिवा आहे."

"सांगते," आई म्हणाली. "दोन मिनिटं बसू द्या. उठवतच नाहीये बघा." तिने उठायला जमिनीवर हात टेकला, आणि तो तसाच राहिला.

ढलपीने आधी आईकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या वजनांकडे. नुसतं सांगितलं तर साहेबांना पटणार नाही, असं तिच्या मनात आलं. मोठ्या माणसांना काहीतरी दाखवावं लागतं. तिने एक वजन उचलून पोटाशी धरलं.

"अगं, कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"तू बस," ढलपी म्हणाली.

बोळ लांब होता आणि वजन नेहमीपेक्षा जड लागत होतं. मधे एकदा तिने ते भिंतीला टेकवून हात बदलून घेतले. साहेबांच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती. आत ते कोणाशी तरी फोनवर हसत बोलत होते. ढलपी हसणं थांबायची वाट पाहत उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ते लवकर थांबणारं नाही, आणि आपले दोन्ही हात अडकलेले आहेत.

तिने पायाने दार वाजवलं.