पडून राहायचं नाही

कंबर धरली तेव्हा थोरलीच्या हातात रंगाचा भरलेला डबा होता. शिडीवरून धाकट्याने मागितला म्हणून तिने तो वाकून उचलला आणि पाय न हलवता तशीच वळली. कमरेत पाचर ठोकल्यासारखी कळ आली. डबा तिने सांडू दिला नाही, पण खाली ठेवल्यावर तिला सरळ होता येईना. धाकट्याने तिला जवळजवळ उचलूनच घरी नेलं.

दोघं भावंडं घरं रंगवायचा धंदा करत. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती आणि घरात तिसरं माणूस म्हणजे आई. आई आतल्या खोलीत असे, अंथरुणावर. थोरली शाळेत असताना आईची कंबर अशीच धरली होती. तेव्हाच्या डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आणि ती विश्रांती कधी संपलीच नाही. आधी जिने सुटले, मग रस्ता, मग स्वयंपाकघर. आता आई भिंतीला धरून मोरीपर्यंत जाई, तेवढंच.

धाकट्याने थोरलीची खाट आईच्या खाटेशेजारी लावली. आईला वाईट वाटलं खरं, पण सोबत मिळाली याचा थोडा आनंदही तिला लपवता आला नाही.

"आपल्या घरातल्या बायकांच्या कमरा अशाच," ती म्हणाली. "पडून राहा. हट्ट करू नकोस."

थोरली पडून राहिली. कळ हळूहळू ओसरली, पण अंग लाकडासारखं झालं. कूस बदलायची तरी धसका वाटे. एके दुपारी पाणी प्यायला उठताना तिने नकळत भिंतीला हात लावला. तिथे प्लास्टरवर एक तेलकट, काळपट पट्टा उमटलेला होता. आईच्या तळहाताचा. आपला हात नेमका त्याच्यावर पडलेला पाहून थोरलीने तो झटकन मागे घेतला. तिने चपला घातल्या आणि धाकट्याला न सांगता दवाखाना गाठला.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला झोपवून, उभं करून, पाय उचलायला लावून नीट तपासलं. पायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, हेही विचारलं.

"धोक्याचं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "स्नायू दुखावला होता. आता नुसतं पडून राहून तो आणखी दुबळा होतोय."

"हलले की दुखतं."

"थोडं दुखेल. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. पाय बधीर झाला किंवा लघवीचा त्रास झाला तर धावत इकडे या. एरवी चालत राहा."

बाईंनी तिला व्यायाम करून दाखवले: पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर जमिनीला दाबायची, मग कुल्ले सावकाश उचलायचे, रांगायच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा. ओझं उचलताना गुडघे वाकवून बसायचं, ते पोटाशी धरायचं आणि वळायचं असेल तर पावलं टाकून वळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने आईच्या खाटेसमोर सतरंजी घातली. आई पाहत राहिली.

"हे काय आरंभलंस?"

"व्यायाम."

"जन्माची अधू होशील."

"तशीही होणारच होते. निदान हातपाय हलवून बघते."

आईचा चेहरा कडू झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी ढोंग करत होते?"

थोरली उठून बसली. "ढोंग नाही, आई. तुला दुखत होतं. पण तुला सांगितलं ते चुकीचं होतं आणि आम्हीही तेच धरून बसलो."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस ती थोरलीशी कामापुरतंच बोलली. थोरलीला ते लागलं, पण सतरंजी रोज पडत राहिली. संध्याकाळी ती चालायला जाई. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेला वळसा घालून.

धाकट्याने एका इमारतीच्या जिन्याचं काम घेतलं होतं. "ताई, तू आता गिऱ्हाइकांशी बोलायचं बघ," तो म्हणाला. "शिडी माझ्यावर सोड. मी दुसरा रंगारी बघितलाय."

"त्याला नको म्हणून कळव."

"पुन्हा धरली तर?"

"धरली तर धरली. मी काचेची नाही."

ती कामावर गेली, पण जुन्या पद्धतीने नाही. मोठ्या डब्यातला रंग छोट्या बादल्यांत ओतला, बादली कमरेइतक्या उंच लाकडी घोडीवर ठेवली, रोलरला लांब दांडा लावला. मधूनमधून काम थांबवून ती कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाके. जिन्यातून जाणारे वळून बघत.

"लोक बघतात गं," धाकटा पुटपुटला.

"बघू देत. तिकीट थोडंच लावलंय."

वरच्या मजल्यावर तिला जोराची शिंक आली आणि कंबर पुन्हा धरली. कठडा घट्ट पकडून ती उभी राहिली. कपाळावर घाम आला.

"सांगत होतो ना," म्हणत धाकटा गाडी आणायला पळाला.

थोरलीला रडू येत होतं. भिंतीवरचा तो काळा पट्टा डोळ्यांपुढे आला. पण पायांत ताकद होती, मुंग्या नव्हत्या. तिने श्वास सोडला आणि एक पाऊल टाकलं, मग दुसरं. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यापाशी, त्या अरुंद जागेत ती सावकाश येरझारा घालत राहिली. धाकटा धापा टाकत वर आला तेव्हा कळ गेली नव्हती, पण ती चालत होती.

"गाडी खाली उभी आहे," तो म्हणाला.

"रिकामे डबे घाल तिच्यात. मी चालत येते. आणि उद्या मी जिन्याच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्या करते, वरचं तू घे. परवाचं परवा बघू."

त्याने डबे उचलले. गुडघे वाकवून.

त्या संध्याकाळी तिला वाकडी होऊन चालत आलेली पाहून आईने विचारलं, "पुन्हा धरली?"

"हो."

"मग झोपत का नाहीस?"

"नाही झोपणार."

आईने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्या बाई घरी येतात का, विचार. आणि मी बरी झाले तरी कुणाचे आभार मानणार नाही. माझी इतकी वर्षं गेली आहेत."

"नको मानूस," थोरली म्हणाली.

बाई आल्या. जिने आता जमणार नाहीत, हे त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं; घरातल्या घरात मात्र जमेल. आईने दातओठ खात व्यायाम केले, बाईंना बोल लावले, रडली, पुन्हा केले. जिन्याचं काम संपलं त्याच सुमाराला एका सकाळी ती भिंतीला हात न लावता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पाय थरथरत होते. धाकटा घाईघाईने खुर्ची घेऊन धावला.

"मागे ने ती," आई म्हणाली. "बसायचं असेल तेव्हा मी सांगेन."