उरलेला बोल्ट

मोडलेली कुठलीही वस्तू माणूस पुन्हा उभी करू शकतो, आणि इथेच तो देवाच्या बरोबरीला येतो, असं आमच्या भावोजींनी जाहीर केलं. ते ज्या खुर्चीत बसून बोलत होते, तिच्या चौथ्या पायाच्या जागी वीट होती.

भावोजी घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेले. लिलावातून त्यांनी अपघातातली एक सुपरकार आणली. समोरून तिने खांबाला कडकडून मिठी मारलेली दिसत होती. मागून मात्र दृष्ट लागावी अशी. ताईला त्यांनी आधी मागूनच दाखवली.

मग तीन वर्षं भावोजी डोळ्याला भिंग लावून गॅरेजात. शेवटी ताईने मुदत दिली.

"रविवारी बाराच्या आत मला हिच्यातून चक्कर मारून आणा. आवडली तर राहील, नाहीतर भंगारवाला नेईल."

सोमवारीच गाडी जुळली, तपासणीचा कागदही मिळाला. आणि टेबलावर एक बोल्ट उरला.

"राहू द्या की," मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या गाडीत कुठे कळतंय?"

"तुला काय जातंय म्हणायला! एक स्क्रू उरला की घड्याळ खोटं."

पाच दिवस खपून त्यांनी गाडी पुन्हा खोलली. एकही भोक रिकामं सापडेना. भावोजींचं जेवण उडालं. शनिवारी सकाळी ताई केर काढायला आली आणि कोपऱ्यातलं बोल्टांचं रिकामं पाकीट उचलून वाचू लागली.

"अहो, यावर छापलंय, 'एक बोल्ट जादा दिला आहे'."

चाळीस वर्षांत घड्याळवाल्याला कुणी काही जादा दिलं नव्हतं. पाकीट वाचायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रविवारी पावणेबाराला शेवटचा नट आवळला गेला. भंगारवाला टेम्पो लावून फाटकाशी हजर, मीही तिथेच. ताई गाडीत बसली; म्हणजे टेकायला गेली आणि खाली खाली जातच राहिली. गाडी गरजली, गल्लीभर खिडक्या उघडल्या, आणि बाराला तीन मिनिटं कमी असताना दोघं परत आली.

"कशी वाटली?" भावोजींचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा.

ताईने दार उघडून एक पाय बाहेर टाकला आणि परत आत घेतला. भंगारवाल्याने दोर सोडायला घेतला.

"छान आहे. राहू द्या," ती म्हणाली. "फक्त त्या भंगारवाल्याला जरा इकडे बोलवा. मला हिच्यातून उठता येत नाहीये, आणि तुम्हा दोघांच्याने ते व्हायचं नाही."